युरेनियम लक्ष्ये आणि त्यांचे शीघ्र तापपिंडन

विक्रियकातील (अणुभट्टीतील) न्यूट्रॉनांच्या माऱ्यात ठेवून किरणोत्सर्गी समस्थानिके मिळविण्यासाठी युरेनियमाचे जे पत्रे, नळ्या किंवा गोळ्या तयार करतात त्यांना लक्ष्ये असे म्हणतात. चूर्ण दाबून बनविलेली वस्तू वितळबिंदूच्या बरीच खाली तापवून तिचे कण एकमेकांस सांधून घेणे म्हणजे तापपिंडन होय. कारखान्यांतून हीच क्रिया सिंटरिंग या नावाने ओळखली जाते. लक्ष्यांच्या निर्मितीत उष्णता किती द्यावी आणि ती किती वेळ द्यावी, हा प्रश्न प्रथमदर्शनी केवळ भट्टीवाल्याचा वाटतो. प्रत्यक्षात रुग्णालयातील निदानाची सोय आणि अण्वस्त्रोपयोगी द्रव्याचा जागतिक प्रसार या दोन्ही गोष्टी त्याच्याशी निगडित झालेल्या आहेत. या संबंधाचा इतिहास सु. सहा दशकांचा आहे.

मॉलिब्डेनम (९९) व टेक्नेशियम : या लक्ष्यांपासून मिळणाऱ्या समस्थानिकांत मॉलिब्डेनम (९९) सर्वांत महत्त्वाचा आहे. तो स्वतः वापरण्यासाठी नव्हे, तर त्याच्या क्षयातून निर्माण होणाऱ्या टेक्नेशियमासाठी हवा असतो. टेक्नेशियम हे मूलद्रव्य १९३७ मध्ये कार्लो पेरिए व एमील्यो सेग्रे यांनी इटलीतील पालेर्मो येथे शोधून काढले. बर्कली येथील सायक्लोट्रॉनात मारा झालेला मॉलिब्डेनमाचा पत्रा त्यांना अमेरिकेतून मिळाला होता आणि त्यातच हे मूलद्रव्य सापडले. पुढील वर्षी सेग्रे व ग्लेन सीबॉर्ग यांनी त्याच्या ९९ द्रव्यमानांकाच्या मितस्थायी समस्थानिकाचा शोध लावला. त्याचे अर्धायुष्य सहा तास आहे आणि त्यातून १४० किलो-इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे गॅमा किरण बाहेर पडतात. हे किरण शरीराबाहेर सहज टिपता येतात व रुग्णास फारशी इजा करीत नाहीत. तथापि पुढे वीस वर्षे या गुणांचा कोणासही उपयोग सुचला नाही.

तो सुचण्यास निमित्त झाली ती एक अशुद्धी. १९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्क राज्यातील ब्रुकहॅवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत वॉल्टर टकर व मार्गारेट ग्रीन हे युरेनियमाच्या भंजनद्रव्यांतून टेल्यूरियम वेगळे करून त्यापासून आयोडीन मिळविण्याच्या कामात होते. आयोडिनात त्यांना टेक्नेशियमाचा अंश आढळला. मॉलिब्डेनम टेल्यूरियमाच्या मागोमाग येतो आणि त्याच्या क्षयातून हे टेक्नेशियम सतत निर्माण होत राहते, असे त्यांच्या लक्षात आले. त्यावरून ॲल्युमिनाच्या स्तंभावर मॉलिब्डेनम धरून ठेवावयाचा आणि क्षारजलाने केवळ टेक्नेशियम धुऊन घ्यावयाचे, अशी जनित्राची कल्पना सिद्ध झाली. त्यांचे सहकारी पॉवेल रिचर्ड्‌स यांनी १९६० पासून तिचा वैद्यकासाठी हिरिरीने पुरस्कार केला आणि शिकागो येथे पॉल हार्पर व कॅथरीन लॅथ्रॉप यांनी त्यानंतर थोड्याच वर्षांत तिचा रुग्णांसाठी उपयोग सुरू केला. गाईचे दूध रोज काढावे तसे जनित्रातून टेक्नेशियम रोज काढता येते; म्हणून या क्रियेस दोहन असेच म्हणतात. हृदय, अस्थी, मूत्रपिंड, अवटू ग्रंथी इत्यादींच्या चित्रणासाठी जगात दरवर्षी होणाऱ्या अशा तपासण्यांची संख्या तीन ते चार कोटींच्या घरात असल्याचे मानले जाते.

मॉलिब्डेनम (९९) चे अर्धायुष्य सु. ६६ तासांचे आहे. म्हणजे दर तासाला साठ्यातील सु. एक टक्का नाहीसा होतो आणि एका दिवसात पाचवा हिस्सा हातचा जातो. तो कोठारात साठवून ठेवता येत नाही. आठवड्यामागून आठवडे तो नव्याने निर्माण करावा लागतो. स्थिर मॉलिब्डेनमावर न्यूट्रॉनांचा मारा करूनही तो मिळतो, पण या रीतीने तयार झालेला थोडासा किरणोत्सर्गी भाग मूळच्या अफाट स्थिर मॉलिब्डेनमात मिसळलेला राहतो व रासायनिक रीतीने तो वेगळा करता येत नाही. युरेनियम (२३५) च्या भंजनात मात्र दर शंभर भंजनांमागे सु. सहा वेळा ९९ द्रव्यमानांकाची ही शृंखला सुरू होते आणि मिळणारा मॉलिब्डेनम जवळजवळ निर्भेळ किरणोत्सर्गी असतो. लहान स्तंभावर मावणारे, दूरवर पाठविण्याजोगे जनित्र त्यापासूनच होऊ शकते. जगाचा बहुतेक पुरवठा भंजनावर अवलंबून राहिला याचे कारण हेच होय.

लक्ष्यांचे स्वरूप : लक्ष्य विक्रियकात पाच ते सात दिवस ठेवतात. यापेक्षा अधिक काळ ठेवून फारसा लाभ होत नाही, कारण निर्मिती व क्षय यांचे पारडे तोवर जवळजवळ समतोल झालेले असते. नंतर ते काढून, थोडे निववून, जाड भिंतींच्या किरणरोधी कोठडीत रसायनांत विरघळवितात आणि त्यातील मॉलिब्डेनम वेगळा करतात. लक्ष्याचे आयुष्य इंधनाच्या आयुष्याहून मूलतः भिन्न आहे हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. विद्युत् केंद्रातील इंधनाच्या गोळीला काही वर्षे अतितप्त अवस्थेत टिकावे लागते आणि भंजनातून निघणारे वायू शक्यतो आपल्या अंगातच कोंडून धरावे लागतात. लक्ष्याला आठवडाभर टिकावयाचे असते, आणि त्यानंतर काही तासांत पूर्णपणे विरघळून जावयाचे असते. असे असूनही लक्ष्ये बनविणाऱ्यांनी आपली तंत्रे इंधन बनविणाऱ्यांकडूनच उसनी घेतली. पुढे उद्‌भवलेल्या बऱ्याच अडचणींचे मूळ या उसनवारीत आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

विद्रावणाची रीत ठरली की लक्ष्याचे द्रव्यही ठरते. कॅनडातील चॉक रिव्हर येथे युरेनियम व ॲल्युमिनियम यांच्या मिश्रधातूच्या कांड्या वापरीत व त्या नायट्रिक अम्लात विरघळवीत. न्यूयॉर्क राज्यातील टक्सिडो येथील विक्रियकासाठी पोलादी नळीच्या आतल्या अंगावर युरेनियम ऑक्साइडाचा पातळ थर विद्युत् विलेपनाने चढवीत. हा विक्रियक १९९० च्या सुमारास बंद झाला. ऑस्ट्रेलियातील हायफार विक्रियकात (१९५८–२००७) अल्प समृद्ध युरेनियम डाय-ऑक्साइडाच्या तापपिंडित गोळ्या वापरल्या जात. यूरोप, दक्षिण आफ्रिका व अर्जेंटिना येथे मात्र वेगळी रीत रुजली. युरेनियम व ॲल्युमिनियम यांच्या संयुगाचे चूर्ण शुद्ध ॲल्युमिनियमाच्या चूर्णात मिसळून दाबावयाचे, ती वडी ॲल्युमिनियमाच्या चौकटीत बसवून वरखाली पत्रे लावावयाचे आणि ४०० ते ५००° से. च्या दरम्यान तापवून लाटण यंत्रातून काढावयाचे, अशी ती पद्धत होय. ती चित्रचौकट पद्धती या नावाने ओळखली जाते. अशा पत्र्यातील ॲल्युमिनियम सोडियम हायड्रॉक्साइडात विरघळते, मॉलिब्डेनमही विद्रावात उतरतो आणि युरेनियम व इतर बहुतेक भंजनद्रव्ये गाळाच्या रूपात खाली राहतात. रसायनज्ञाचे अर्धे काम पहिल्याच पायरीवर होत असल्याने ही रीत लोकप्रिय झाली. पश्चिम जर्मनीतील कार्लझ्रूए येथे समेह व आखे यांनी १९८० नंतरच्या दशकात तिला विशेष व्यवस्थित रूप दिले.

समृद्धीचा प्रश्न : ही सर्व व्यवस्था (ऑस्ट्रेलियाचा अपवाद सोडल्यास) ज्या युरेनियमावर उभी होती त्यात २३५ द्रव्यमानांकाचे प्रमाण बहुतेक ठिकाणी ९० टक्क्यांहून अधिक असे. अशा युरेनियमापासून अणुबाँब तयार करता येतो. आठवड्याच्या माऱ्यात त्यातील जेमतेम तीन टक्के युरेनियम (२३५) खर्ची पडते. उरलेले टाकाऊ द्रव्य म्हणून साठत जाते आणि काळ लोटला की त्याची किरणोत्सर्गिता उतरून ते हाताळण्यास सोपे होते. इंधनासाठी व लक्ष्यांसाठी २० टक्क्यांहून कमी समृद्ध युरेनियम वापरावे यासाठी अमेरिकेने १९७८ मध्ये आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या नेतृत्वाखाली एक कार्यक्रम सुरू केला. १९९२ च्या कायद्याने उच्च समृद्ध युरेनियमाच्या निर्यातीवर अटी घातल्या. २००५ मध्ये वैद्यकीय समस्थानिकांच्या उत्पादकांसाठी त्या पुन्हा सैल करण्यात आल्या. पुरवठा खंडित होण्याची भीती दाखविली की नियम वाकतात, याचे हे ठळक उदाहरण होय.

ही भीती सर्वस्वी निराधार नव्हती. चॉक रिव्हर येथील १९५७ साली सुरू झालेला एनआरयू आणि नेदर्लंड्‌समधील पेटेन येथील एचएफआर हे दोन वृद्ध विक्रियक मिळून जगाच्या निम्म्याहून अधिक मॉलिब्डेनमाचा भार वाहत होते. एनआरयूची जागा घेण्यासाठी कॅनडाने बांधलेल्या दोन नव्या विक्रियकांची योजना २००८ च्या मे महिन्यात सोडून देण्यात आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पेटेनचा विक्रियक काही महिने बंद पडला. मे २००९ मध्ये एनआरयूतून जड पाण्याची गळती सुरू झाली आणि तो ऑगस्ट २०१० पर्यंत बंद राहिला. त्या काळात दुरुस्तीसाठी पेटेनचा विक्रियकही पुन्हा बंद करावा लागला. जगभरच्या रुग्णालयांना तपासण्या पुढे ढकलाव्या लागल्या किंवा अधिक किरणमात्रा देणाऱ्या जुन्या पद्धतींकडे वळावे लागले. एनआरयूमधील नियमित मॉलिब्डेनम निर्मिती २०१६ मध्ये थांबली व मार्च २०१८ मध्ये तो विक्रियक कायमचा बंद झाला.

दरम्यान अल्प समृद्ध युरेनियमाकडे वळणे शक्य आहे हे छोट्या उत्पादकांनी दाखवून दिले होते. अर्जेंटिनाने २००२ मध्ये आणि दक्षिण आफ्रिकेने २०१० मध्ये अशा लक्ष्यांपासून मॉलिब्डेनम मिळविला. हायफारची जागा घेणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या ओपल विक्रियकानेही अर्जेंटिनाच्या तंत्राचा आधार घेऊन हाच मार्ग धरला. पेटेन येथील प्रक्रियाकेंद्राने २०१८ मध्ये आणि बेल्जियममधील केंद्राने त्यानंतर थोड्याच काळात परिवर्तन केले. २०२२ च्या प्रारंभापासून अमेरिकेने वैद्यकीय समस्थानिकांच्या निर्मितीसाठी उच्च समृद्ध युरेनियमाची निर्यात बंद केली.

घनतेची अडचण : समृद्धी ९३ वरून १९.७५ टक्क्यांवर आणली म्हणजे तितक्याच युरेनियम (२३५) साठी एकूण युरेनियम जवळजवळ पाच पट लागते. लक्ष्याचा आकार मात्र वाढविता येत नाही, कारण विक्रियकातील जागा आणि कोठडीतील पात्रे पूर्वीचीच असतात. यामुळे एका घन सेंटिमीटरात किती युरेनियम बसविता येईल हा प्रश्न कळीचा ठरला. अल्प समृद्ध पत्र्यांत ही मर्यादा सर्वसाधारणपणे दर घ. सेंमी. ला २.६ ग्रॅम किंवा त्याहून थोडी अधिक राहिली. त्यात युरेनियम (२३५) केवळ अर्धा ग्रॅम भरते.

अधिक घन संयुगे उपलब्ध नव्हती असे नाही. संशोधन विक्रियकांच्या इंधनासाठी युरेनियम सिलिसाइडाचे पत्रे १९८८ मध्ये दर घ. सेंमी. ला ४.८ ग्रॅम इतक्या घनतेपर्यंत मान्यता पावले. परंतु सिलिसाइड नुसत्या अल्कलीत नीट विरघळत नाही आणि त्यातील सिलिकॉन पुढील शुद्धीकरणात घोटाळा करते. युरेनियम धातूचा मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढा पातळ वर्ख निकेलाच्या वर्खात गुंडाळून दोन ॲल्युमिनियम नळ्यांमध्ये बसविण्याची युक्तीही आर्गॉन येथे काढण्यात आली. युक्ती चतुर होती, पण तिच्यासाठी अल्कलीवर चालणाऱ्या कारखान्यांना आपली रसायनप्रक्रियाच बदलावी लागली असती. म्हणून बहुतेकांची दृष्टी पुन्हा युरेनियम-ॲल्युमिनियम संयुगांकडेच वळली.

ही संयुगे तीन आहेत. युरेनियमाच्या एका अणूमागे ॲल्युमिनियमाचे दोन, तीन किंवा चार अणू असतात आणि वजनी युरेनियम अनुक्रमे सु. ८१, ७५ व ६९ टक्के भरते. पहिले सर्वांत घन आहे, दर घ. सेंमी. मध्ये त्यात सु. ६.६ ग्रॅम युरेनियम असते. पण पत्र्यात चूर्णाने निम्म्याच्या आसपास आयतन व्यापले की सभोवतीच्या ॲल्युमिनियमाचे सलगपण मोडते आणि लाटताना पत्रा फाटू लागतो, तेव्हा प्रत्यक्ष लाभ त्याच्या निम्म्याहून कमी होतो. शिवाय पहिले संयुग गरम ॲल्युमिनियमाच्या संगतीत स्वस्थ बसत नाही. ते भोवतालचे ॲल्युमिनियम शोषून दुसऱ्यात व दुसरे तिसऱ्यात रूपांतरित होऊ लागते. पत्रा किती तापविला व किती वेळ तापत ठेवला यावर तिन्हींचे परस्परप्रमाण ठरते आणि त्याबरोबर पत्र्याचे आयतन, त्यातील पोकळ्या व पुढे अल्कलीत विरघळण्याचा वेग हे सारे बदलते. येथे तापनाचा काळ हा केवळ खर्चाचा भाग न राहता द्रव्याची घडण ठरविणारी गोष्ट होऊन बसतो.

तापपिंडनाचा वेग : तापपिंडनाची कला अणुयुगाहून पुष्कळ जुनी आहे. इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ विल्यम हाइड वुलस्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी प्लॅटिनमाचे चूर्ण दाबून, तापवून व ठोकून त्यापासून भांडी घडविण्याची रीत सिद्ध केली. त्या काळच्या भट्ट्यांत हा धातू वितळवणे शक्यच नव्हते. विद्युत् दिव्यातील टंगस्टनाच्या तंतूसाठी विल्यम कूलिज यांनी १९१० च्या सुमारास जे तंत्र अमेरिकेत विकसित केले त्यात दाबलेल्या कांडीतून प्रचंड विद्युत् प्रवाह सोडून ती तिच्या स्वतःच्या रोधानेच तापवीत असत. अलीकडे विजेच्या साहाय्याने होणारे तापपिंडन नवे म्हणून पुढे येते तेव्हा या कांडीचे स्मरण ठेवणे इष्ट आहे. कण का जुळतात याची उपपत्ती बरीच उशिरा आली. १९४५ मध्ये रशियन भौतिकीविज्ञ याकॉव्ह फ्रेंकेल यांनी आणि १९४९ मध्ये कुचिन्स्की यांनी ती मांडली. बारीक कणांच्या एकूण पृष्ठभागाची ऊर्जा मोठी असते. ती कमी करण्याकडे निसर्गाचा कल असल्याने अणू विसरणाने सरकत जाऊन कणांच्या स्पर्शबिंदूपाशी मान तयार करतात, ती जाड होत जाते आणि मधल्या पोकळ्या मिटत जातात.

युरेनियम डाय-ऑक्साइडाचा वितळबिंदू सु. २,८५०° से. आहे. तारापूर येथील विक्रियकांना लागणाऱ्या इंधनासारख्या गोळ्या हायड्रोजनयुक्त वातावरणात सु. १,७००° से. ला काही तास ठेवून तापपिंडित करतात. तापविणे व निवविणे धरून सारे चक्र जवळजवळ एक दिवसाचे होते. हे चक्र आखूड करण्याचा पहिला यशस्वी मार्ग रसायनशास्त्रातून निघाला. ऑक्साइडात ऑक्सिजनाचे प्रमाण थोडे जास्त असेल तर युरेनियमाचे अणू कितीतरी पटींनी वेगाने सरकतात, हे इंग्लंडमधील हारवेल येथील संशोधकांनी १९५९ मध्ये दाखविले. मग भट्टीत सौम्य ऑक्सिडीकारक वायू ठेवून १,००० ते १,३००° से. इतक्याच तापमानाला गोळी घट्ट करावयाची आणि अखेरीस हायड्रोजनाने जादा ऑक्सिजन काढून घ्यावयाचा, असा क्रम शक्य झाला. १९८० च्या सुमारास पश्चिम जर्मनीत या तत्त्वावर अल्पतापी, अल्पकालीन तापपिंडनाची औद्योगिक पद्धत उभारण्यात आली. भारतातही भाभा अणुसंशोधन केंद्रात ऑक्सिडीकारक तापपिंडनावर काम झाले आहे.

दुसरा मार्ग भौतिकीचा आहे. मंद गतीने तापणाऱ्या चूर्णात कमी तापमानाला अणू मुख्यतः कणांच्या पृष्ठभागावरूनच सरकतात. त्यामुळे कण गोलसर व जाड होतात, पण वस्तू आकसत नाही. आकसण्यासाठी जी पृष्ठऊर्जा उपयोगी पडावयाची तीच अशा रीतीने वाया जाते. हा टप्पा झटपट ओलांडून एकदम उच्च तापमान गाठले तर घनता वाढते आणि स्फटिककण बारीक राहतात. मृत्तिकाद्रव्यांच्या बाबतीत हार्मर व ब्रुक यांनी १९८१ मध्ये या विचाराची स्पष्ट मांडणी केली. मात्र साध्या भट्टीत एवढ्या वेगाने तापविणे अवघड असते, कारण उष्णता बाहेरून आत शिरण्यास वेळ लागतो.

ही अडचण विजेने सुटली. जपानमधील कियोशी इनोउए यांनी १९६० नंतरच्या दशकात ग्रॅफाइटाच्या साच्यात चूर्ण दाबून त्यातून स्पंदी विद्युत् प्रवाह सोडण्याच्या पद्धतीची एकस्वे घेतली. १९९० च्या सुमारास जपानी यंत्रे बाजारात आल्यावर स्पार्क-प्लाझ्मा तापपिंडन या नावाने ती जगभर पसरली. नाव आकर्षक असले तरी फसवे आहे. साच्यात ठिणग्या उडतात वा प्लाझ्मा तयार होतो याचा खात्रीलायक पुरावा मिळालेला नाही. दाब आणि आतून होणारे जलद तापन यांची जोड हेच तिचे खरे बळ. मिनिटाला शंभर अंश किंवा त्याहून अधिक वेगाने तापमान चढविता येते. अमेरिकेतील फ्लॉरिडा विद्यापीठात २०१३ च्या सुमारास युरेनियम डाय-ऑक्साइडाच्या गोळ्या या रीतीने १,०५०° से. च्या आसपास, कमाल तापमानाला अत्यल्प काळ ठेवून, सैद्धांतिक घनतेच्या ९५ टक्क्यांहून पुढे नेण्यात आल्या. जेथे तास लागत तेथे मिनिटे पुरली.

याहून वेगवान रीत २०१० मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातील ऋषी राज व त्यांचे सहकारी यांनी झिर्कोनियावर दाखविली. तापत असलेल्या वस्तूलाच विद्युत् दाब लावला असता विशिष्ट तापमानाला ती एकाएकी संवाहक बनते, प्रवाह उसळतो आणि काही सेकंदांत घनीभवन पुरे होते. झिर्कोनियास एरवी लागणाऱ्या तापमानाऐवजी ८५०° से. च्या भट्टीत हे साधले. युरेनियम डाय-ऑक्साइड अर्धसंवाहक असून तापमानाबरोबर त्याची संवाहकता वाढत जाते. म्हणून ते या पद्धतीस अनुकूल आहे आणि त्यावर अमेरिकेतील प्रयोगशाळांत प्रयोग झालेले आहेत. मात्र प्रवाह एकाच वाटेने घुसून वस्तूचा काही भाग अतितप्त व बाकीचा कच्चा राहण्याचा धोका यात मोठा आहे.

लक्ष्यांच्या दृष्टीने या शीघ्र पद्धतींचे मोल वाचलेल्या तासांत शोधणे बरोबर होणार नाही. लक्ष्याच्या निर्मितीत खरा वेळ जातो तो चूर्ण तयार करण्यात, आवरण घालण्यात, क्ष-किरणांनी युरेनियमाची वाटणी तपासण्यात आणि गळती-चाचण्यांत. न किरणलेले लक्ष्य महिनोन्‌महिने ठेवता येते. घड्याळाची घाई सुरू होते ती त्याच्यावर न्यूट्रॉनांचा मारा झाल्यानंतर. शीघ्र तापपिंडनाचा लाभ वेगळाच आहे. अल्पकाळ तापविल्याने युरेनियमाचे घन संयुग किंवा प्रत्यक्ष युरेनियम धातू ॲल्युमिनियमाशी संयोग पावण्यापूर्वीच वडी घट्ट करून निवविता येते. दाब व काळ यांवर स्वतंत्र नियंत्रण राहिल्याने हव्या तेवढ्या पोकळ्या मुद्दाम ठेवता येतात. विद्रावकाला आत शिरण्यास त्याच वाटा होतात. बारीक स्फटिककणांमुळेही विद्रावणास मदत होते. इंधनाची गोळी शक्य तितकी घट्ट करावी हा जो दंडक लक्ष्यांना सवयीने लागू केला जाई, तो अशा रीतीने शिथिल करता येतो. युरेनियम पुष्कळ, तरी अंग मोकळे, अशी घडण लक्ष्यास हवी असते आणि मंद भट्टीत ती मिळणे कठीण आहे.

पद्धतीच्या मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. सलग चालणाऱ्या भट्टीतून एका वेळी हजारो गोळ्या जातात, तर ग्रॅफाइटाच्या साच्यातून बहुधा एकेकच निघते. साच्यातील कार्बन ऑक्साइडाच्या पृष्ठभागाशी विक्रिया करतो व तो भाग घासून काढावा लागतो. युरेनियमाची अशी घास म्हणजे आणखी एक हिशेबात धरावयाचे टाकाऊ द्रव्य. युरेनियमाची चूर्णे हवेत पेट घेऊ शकतात, म्हणून सारे यंत्र निष्क्रिय वायूच्या पेटीत बसवावे लागते. शिवाय लक्ष्याच्या रचनेत लहानसा बदल केला तरी विक्रियकाची सुरक्षितता तपासणाऱ्या आणि औषधाची शुद्धता पाहणाऱ्या अशा दोन्ही नियामकांची नव्याने मान्यता घ्यावी लागते. आठवड्यालाही खंड परवडत नाही असा हा उद्योग आहे, त्यामुळे चालत आलेली रीत तो सहसा मोडीत नाही. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनात चित्रचौकट पद्धतीने लाटलेल्या पत्र्यांनीच आपले स्थान राखले आणि शीघ्र पद्धती प्रामुख्याने प्रयोगशाळांत राहिल्या याचे स्पष्टीकरण यातच मिळते. रशियातील आर्गुस या लहान विक्रियकात युरेनियमाचा विद्रावच इंधन व लक्ष्य अशी दोन्ही कामे करतो. तेथे भट्टीचाही प्रश्न नाही व पत्र्याचाही नाही. अशा रीतीने मिळणारे उत्पादन मात्र मर्यादित असते.

भारतातील स्थिती : भारताने आरंभी भंजनाचा मार्ग न धरता स्थिर मॉलिब्डेनमाच्या ऑक्साइडावर न्यूट्रॉनांचा मारा करण्याची रीत पत्करली. तुर्भे येथील अप्सरा (१९५६), सायरस (१९६०) व ध्रुव (१९८५) या विक्रियकांमुळे आणि मुंबईतील परळ येथे १९६३ मध्ये स्थापन झालेल्या किरणोत्सर्ग वैद्यक केंद्रामुळे अणुकेंद्रीय वैद्यकाचा पाया येथे लवकर घातला गेला. या रीतीने मिळणाऱ्या मॉलिब्डेनमात स्थिर भाग फार असल्याने तो लहान स्तंभावर मावत नाही. म्हणून मेथिल एथिल कीटोन या विद्रावकाने टेक्नेशियम काढून घेण्याची पद्धत देशातील रुग्णालयांत दीर्घकाळ वापरात राहिली. ती स्वस्त असली तरी रोज सकाळी कुशल माणसाचे हात मागणारी आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या व नवी मुंबईतील वाशी येथून समस्थानिकांचा पुरवठा करणाऱ्या संस्थेने पुढे आयात केलेल्या भंजनजन्य मॉलिब्डेनमावर आधारलेली स्तंभ-जनित्रेही उपलब्ध करून दिली. सायरस २०१० च्या अखेरीस बंद झाला. सप्टेंबर २०१८ मध्ये तुर्भे येथेच सुरू झालेल्या नव्या अप्सरा विक्रियकाचे इंधन अल्प समृद्ध युरेनियम सिलिसाइडाचे चूर्ण ॲल्युमिनियमात विखरून लाटलेल्या पत्र्यांचे असून ते देशातच बनविलेले आहे. चूर्ण करणे, दाबणे, चौकटीत बसविणे व लाटणे ही त्यासाठी आत्मसात केलेली तंत्रे युरेनियम लक्ष्यांनाही लागू पडतात, आणि अल्प समृद्ध लक्ष्यांपासून भंजनजन्य मॉलिब्डेनम मिळविण्याचे काम भाभा अणुसंशोधन केंद्राने हाती घेतले ते याच पायावर.